गुंतवळाची डोकी

ते चौऱ्याऐंशी साल. विहिरीच्या तळाचे दगड उघडे पडले ते त्या साली, आणि केस कापायला शिकवायचं तर सरकारचा परवाना लागतो हेही गावाला त्याच साली कळलं. दगडांचं कुणाला फार नवल वाटलं नाही. पाऊस दोन वर्षं हुलकावणी देतच होता. परवान्याचं मात्र वाटलं.

"उद्या नखं काढायलाही अर्ज करा म्हणतील," लोहारीण म्हणाली, आणि हसता हसता तिने डोक्यावरचा रुमाल दोन्ही हातांनी धरला. तापात तिचे केस गेल्यापासून तिला ती सवयच लागली होती.

हे बोलणं चाललं होतं सुताराच्या घरी. रस्त्याच्या कडेचं, अर्धं राहतं आणि अर्धं कामाचं असं ते घर होतं. मागे पत्र्याची शेड, तिच्यात सुताराची कातारी, लाकूड फिरवून गोल घडवायचं यंत्र; मधे दोन खोल्या नि स्वयंपाकघर; आणि पुढे रस्त्यावर उघडणारी एक लांबट खोली. त्या खोलीत पूर्वी फळ्या रचलेल्या असत. थोरली सून लग्न होऊन आली तेव्हा कपड्यांच्या पेटीबरोबर तिने चामड्याची एक गुंडाळी आणली होती, आणि तिच्यात कात्र्या, वस्तरा, कंगवे होते. शहरात ती एका बाईच्या हाताखाली केसांचं काम शिकली होती. आधी शेजारणी आल्या, मग आसपासच्या गावच्या बाया, आणि एक दिवस एक मुलगी येऊन म्हणाली, "ताई, मला कापून नको. शिकवा." तेव्हा फळ्या शेडमध्ये गेल्या आणि खोलीत आरसे लागले.

सासरे, म्हणजे सुतारच, ज्यांना सगळे आबा म्हणत, त्यांनी आडकाठी केली नाही. फक्त त्या दिवसापासून जेवायला बसले की आधी ताटाकडे वाकून बघत.

"केस नाही ना?"

"नाही आबा."

"असेल. शोधला की सापडतो."

धाकटी सून या घरात येऊन वर्षही झालं नव्हतं. आबांचे दोघे मुलगे कालव्याच्या कामावर लांब गेलेले, तेव्हा घरात आबा आणि दोघी जावा एवढीच माणसं. पाणी, चूल, झाडलोट, शेडमधला भुसा धाकटीकडे, शाळा थोरलीकडे. पण स्वयंपाकघरातून शाळेच्या खोलीत जायला एक दार होतं, आणि धाकटी हातातलं काम तसंच धरून त्या दारात उभी राहायची. डाळ निवडायची ती तिथे, भांडं पुसायची ती तिथे. थोरली मुलींना सांगायची, "गुंता मुळापासून ओढायचा नाही. टोकाला सुरुवात करायची, बोटभर वर जायचं, पुन्हा बोटभर," आणि दारातल्या धाकटीची बोटं रिकाम्या हवेत तसं करायची. तिला कुणी शिकवत नव्हतं. तिने तसं कधी विचारलंही नव्हतं. नव्या सुनेने आणखी काय काय मागायचं?

मग तालुक्याच्या कचेरीतून कागद आला. परवाना नसलेल्या शाळा पावसाळ्याआधी बंद. अशा शाळेतल्या मुलींना परीक्षेला बसता येणार नाही, आणि परीक्षा नाही तर कुणाला दुकान काढता येणार नाही. थोरलीकडे तेव्हा सहा मुली होत्या. शेळ्या सोडून, लहान भावंडं सोडून चालत येणाऱ्या.

"म्हणजे पोरींची मेहनत पाण्यात," लोहारीण म्हणाली.

"पाणी असतं तर निदान पाण्यात तरी गेली असती," आबा म्हणाले आणि रंधा मारायला लागले.

थोरलीने नियमांचं पुस्तक मागवून घेतलं आणि धाकटीच्या हातात ठेवलं. "तू शिकलेली आहेस. मोठ्याने वाच. आबांना ऐकू जाईल असं."

धाकटीने शेडच्या उंबऱ्यावर बसून वाचलं. शिकवणारी स्वतः परीक्षा उत्तीर्ण असावी. ते झालेलं होतं. गेल्या हिवाळ्यात थोरली शहरात जाऊन, छातीला नंबर टाचून, लेकीच्या वयाच्या मुलींच्या रांगेत बसून पास होऊन आली होती. हत्यारं झाकणाच्या बरणीत, औषधाच्या पाण्यात बुडालेली असावीत. काम विद्यार्थिनी करतात अशी पाटी दारावर, लांबून वाचता येईल अशी असावी. बेसिनला वाहतं पाणी असावं.

"वाहतं," आबा म्हणाले. "नदीला सांगा म्हणावं."

"शाळेची खोली राहत्या घराला दाराने जोडलेली नसावी," धाकटीने वाचलं आणि ती थांबली.

"पुढे," थोरली म्हणाली.

"दार बंद करायचं का, जाऊबाई?"

"नसावी म्हणजे नसावी. आबा, भिंत घालावी लागेल."

"घालू," आबा म्हणाले. "ताटात केस येतो तो त्याच दारातून येतो."

धाकटीने मान खाली घालून पुढचं वाचलं. "सरावार्थ प्रत्येक विद्यार्थिनीमागे एक डोके कायम उपलब्ध असावे."

शेडमधला रंधा थांबला.

"कायम?" आबा म्हणाले. "म्हणजे त्यांना जेवूही घालायचं?"

तिघांनी त्या ओळीवर बराच विचार केला. थोरली शिकली ती दुकानात, गिऱ्हाइकाच्या डोक्यावर; शाळा तिने स्वतःचीच काय ती पाहिलेली, आणि परीक्षेतही समोर माणूसच बसवलेलं. तिला त्यात वावगं वाटलं नाही. मुलगी शिकणार तर कुणाच्या तरी डोक्यावरच शिकणार. सरकार म्हणतंय, डोकी आधी ठरवून ठेवा. "बरोबरच आहे," ती म्हणाली. "ऐन वेळी कुणी मिळत नाही."

त्या उन्हाळ्यात दोघी जावांच्या पाठी मोडल्या. पाण्याचा टँकर गावाच्या टोकाला थांबायचा. तिथून कळशी, कळशीतून बादली, बादली शिडीवरून छपरावरच्या पिंपात, आणि पिंपातून नळी खाली बेसिनला. धाकटी शिडीवर, थोरली खाली. लोखंडी पिंप उन्हाने इतकं तापायचं की हात लावला की कातडी चिकटायची. नळाला पहिल्यांदा पाणी आलं तेव्हा सहाही मुली ओळीने उभ्या राहून नुसत्या बघत होत्या. आबांनी पुढे होऊन नळ बंद केला. "वाहतं आहे हे कळलं. आता राहू दे."

मग आबांनी चौकट काढली आणि दाराच्या जागी विटा रचल्या. धाकटी चिखलाची घमेली उचलून देत होती. शेवटच्या विटेआधी भोकातून शाळेतला आरसा दिसला, आणि आरशात तिला तिचंच कपाळ दिसलं. तेवढ्यात वीट बसली. त्या दिवसापासून थोरलीला शाळेत जायचं तर घराला वळसा घालून, उन्हातून, रस्त्यावरून जावं लागे. आणि धाकटीला स्वयंपाकघरात नुसते आवाज ऐकू येत, कात्रीचे आणि हसण्याचे.

तपासणीच्या दिवशी सकाळी डोकी गोळा झाली. लोहारीण आली, गिरणीवाली आली, पलीकडच्या दोघी म्हाताऱ्या बहिणी आल्या, सायकल बाहेर टेकवून पोस्टमन आला. सहावी येणार होती ती कुंभारीण. तिची गाय व्यायला झाली. थोरलीने आबांकडे पाहिलं.

"मी?" आबा म्हणाले.

"थोडा वेळ, आबा."

"माझ्या डोक्यावर आहे काय?"

"डोकं आहे ना. तेवढंच लिहिलंय."

तपासनीस बाई आली ती धुळीने भरलेल्या जीपमधून. बारीक चणीची, चष्म्याची, हातात मोजायची फीत. तिने पाटी वाचली, मागे जाऊन लांबून पुन्हा वाचली. बरणीचं झाकण उघडून वास घेतला. नळ सोडला, बोट धरलं, बंद केला. नव्या विटांच्या भिंतीवर हात फिरवला आणि मान हलवली. मग ती वळली. समोर भिंतीला लागून सहा खुर्च्यांवर सहा माणसं, हात मांडीवर ठेवून, फोटो काढायला बसावं तशी बसली होती. आबांच्या कानावर पेन्सिल तशीच होती.

"हे कोण?"

"डोकी," थोरली म्हणाली.

"काय?"

"नियमातली. विद्यार्थिनीमागे एक."

तपासनीस बाईने चष्मा काढला. तिची नजर रांगेवरून फिरत रुमाल बांधलेल्या लोहारणीपाशी थांबली. "यांना तो काढायला सांगा."

लोहारणीने रुमाल काढला. डोकं तुळतुळीत होतं.

"अहो, यांना केस नाहीत!"

"डोकं मागितलं होतं," लोहारीण म्हणाली. "केस कुठे मागितले होते?"

तपासनीस बाई पाठ फिरवून खिडकीपाशी गेली. तिथे ती बराच वेळ उभी होती आणि तिचे खांदे हलत होते. पोस्टमन हळूच म्हणाला, "रडतायत की काय?" वळली तेव्हा डोळे पुसत होती, पण आवाज पुन्हा कचेरीतला झाला होता.

"बाई, डोकं म्हणजे पुतळ्याचं. खोटं. स्टँडला लावलेलं, वर खरे केस बसवलेले. त्याच्यावर शिकायचं असतं."

धाकटी दारात उभी होती, रस्त्याच्या बाजूने, उन्हात. नियम तिनेच वाचला होता.

"जिवंत डोक्यावर काय वाईट आहे?" आबांनी विचारलं. ते उठले नव्हते.

"जिवंत डोकं ओरडतं, आजोबा. मुलगी चुकली की ओरडतं, मग मुलगी घाबरते, आणि घाबरलेला हात कायमचा आखडतो. शिकताना चुकायला मिळालं पाहिजे. म्हणून आहे तो नियम. उगाच नाही." तिने फीत गुंडाळली. "बाकी सगळं चांगलं आहे. फार चांगलं आहे. पण डोक्यांशिवाय मला सही करता येणार नाही. महिनाअखेरीला मी याच रस्त्याने परत जाणार आहे. तेव्हा असतील तर बघू."

"ती मिळतात कुठे?" थोरलीने विचारलं.

"परदेशातून येतात. मागवली तर दिवाळं निघेल, आणि पोचतील तेव्हा पावसाळा संपलेला असेल."

थोरली तिच्याबरोबर जीपपर्यंत गेली. "बाई, ती कारखान्यातलीच पाहिजेत असं लिहिलंय का?"

तपासनीस बाईने पुस्तक काढून पान शोधलं. "केस खरे असावेत. विंचरता यावेत, धुता यावेत. ओढल्यास निघू नयेत. एवढंच आहे."

"कारखान्याचं नाही ना?"

"नाही," ती म्हणाली आणि थोरलीकडे जरा निरखून बघितलं.

थोरली परत आली ती सरळ माळ्याच्या शिडीकडे गेली. वरून तिने पोती खाली टाकली. धुळीचा लोट उठला. पोती हलकी होती, पण फुगलेली.

या पोत्यांवरून घरात किती वेळा वाजलं होतं! थोरली केस फेकायची नाही. कापलेले बारके तुकडे खतात जायचे, पण विंचरताना निघणारं गुंतवळ, कंगव्यातलं, फणीतलं, शेजारणींनी पुडीत बांधून आणलेलं, ते सगळं ती पोत्यात भरायची. "उंदरांचं माहेर केलंय घराचं," आबा म्हणायचे. ती ज्या बाईकडे शिकली, त्या बाईकडे नाटकवाल्यांचे टोप बनायचे. केस फेकायचा नसतो हे तिथून तिच्या हाडात उतरलं होतं. उपयोग काय, ते तिलाही आजवर सांगता आलं नव्हतं.

"याचे टोप?" आबांनी एक गोळा उचलून धरला. काथ्यासारखा दिसत होता. "हे सुटणार आहे?"

"सुटेल," थोरली म्हणाली. "तुम्ही डोकी करा, आबा. सात करा."

"पोरी सहा आहेत."

"सात करा."

मग जे काम सुरू झालं ते पाहिलेली माणसं नंतर कितीतरी वर्षं सांगत. गुंतवळ आधी धुवायचं. पाणी कुठलं? दोघी जावांनी आपल्या अंघोळीचं पाणी त्याला दिलं. महिनाभर त्या दोघींनी डोक्यावरून पाणी घेतलं नाही. केसांची शाळा चालवणारीच्या डोक्याला खाज सुटलेली, आणि ती फडकं घट्ट बांधून कामाला बसलेली. केस धुतलेलं पाणी फरशीला, फरशीचं पाणी अंगणातल्या झाडाला.

आबांनी एका फळीत खिळे उलटे ठोकून दिले, टोकं वर. त्या काट्यांवरून गुंतवळ थोडं थोडं ओढायचं. खिळ्यांनी बोटांची सालं निघाली. सुटलेले केस लांबीप्रमाणे वेगळे करायचे. इथपर्यंत कुणालाही जमलं असतं. खरं काम पुढे होतं. डोक्यावर असतो तेव्हा प्रत्येक केसाचं मूळ एकीकडे आणि टोक दुसरीकडे असतं. गुंतवळात सगळं उलटसुलट. तसेच बांधले तर कोरडे असताना छान दिसतात, पण पाणी लागलं की उलटे केस सुलट्या केसांत अडकतात आणि डोक्याचा नमदा होतो, सगळे केस एकमेकांना चिकटून एकच जाड थर.

"मग कसं ओळखायचं?" एका मुलीने विचारलं.

थोरलीने एक केस चिमटीत धरला आणि बोटं मागेपुढे चोळली. केस जिवंत असल्यासारखा एका बाजूला सरकत बाहेर आला. "ज्या बाजूला पळतो तिकडे त्याचं मूळ. केस नेहमी मुळाकडे पळतो. माहेरवाशिणीसारखा."

सहाही मुली हसल्या आणि चोळायला लागल्या. उन्हं कलली की हे काम शाळेतून बाहेर, घरामागच्या ओट्यावर यायचं. तिथे नियम नव्हता आणि भिंतही नव्हती. धाकटी हातातली भांडी ठेवून हळूच टोकाला बसली. थोरलीने तिच्याकडे न बघता एक जुडी तिच्या मांडीवर टाकली.

शेजारणीही यायच्या. प्रत्येकीला आपले केस ओळखायचे होते. "हे माझे. काळे असतानाचे," एक म्हातारी बहीण म्हणायची. "तुझे कधी एवढे लांब होते?" दुसरी म्हणायची. लोहारीण काही दिवस आली नाही. आली तेव्हा उभ्यानेच बघत राहिली. मग वाकून तिने तांबूस, लहरी केसांची एक जुडी उचलली. तापाआधी ती दर आठवड्याला पुडी आणून द्यायची. जुडी तिने गालाला लावली, आणि लगेच खाली ठेवून म्हणाली, "मेले, मला सोडून इथे येऊन बसलेत."

आबांचं डोकं वेगळंच अडलं होतं. कातारीवर पलंगाचे पाय, लाटणी, भोवरे हवे तेवढे निघत. डोकं काही निघेना. पहिलं निघालं ते वांग्यासारखं, दुसरं अंड्यासारखं. शेवटी ते जाडी मोजायचं कॅलिपर घेऊन धाकटीकडे आले. "बस. हलू नकोस."

त्यांनी तिचं डोकं कानापासून कानापर्यंत मोजलं, मागचा फुगवटा मोजला, मानेचा खळगा अंगठ्याने दाबून पाहिला, जसं एखाद्या लाकडातली गाठ तपासावी. धाकटीला लाज वाटत होती. वर्षभरात सासऱ्याने तिच्याकडे नीट पाहिलंसुद्धा नव्हतं.

"मापात आहे," आबा म्हणाले. "आत काय आहे ते कातारीवर चढवल्याशिवाय कळायचं नाही."

"आत काय असणार? ज्या डोक्याने तुम्हाला त्या खुर्चीत बसवलं तेच," धाकटी म्हणाली, आणि बोलल्यावर तिने जीभ चावली.

आबांनी कॅलिपर खाली केलं. "मीच बसलो. कुणी धरून बसवलं नाही." मग हळूच म्हणाले, "त्या बाईला हसायला तर आलं."

तिचंच डोकं सात वेळा लाकडात उतरलं. आबांनी नाक-डोळे केले नाहीत. कानांच्या जागी मात्र दोन दोन नीटस उंचवटे ठेवले, कारण कान कापला जाण्याची भीती मुलींना आधी जायला हवी, असं थोरलीने सांगितलं होतं. दोन ताणलेल्या दोऱ्यांत केस विणून झालर करायची, आणि जाड कापडाच्या टोपीवर मानेपासून वर गोल गोल शिवत जायचं. प्रत्येक मुलीने आपापलं डोकं शिवलं. सातवं धाकटीने शिवलं. ते कुणाचं, हे तिने विचारलं नाही. हाताला काम मिळालंय, तेवढं पुरे. लोहारणीची तांबूस जुडी मात्र थोरलीने बाजूला काढून ठेवली. शेवटी शेवटी महिना संपत आला, धाकटीचे डोळे चुरचुरायला लागले, आणि मागच्या दोन झालरींना तिने केस चोळून बघितले की नुसतेच बांधले, हे तिचं तिलाच आठवेना.

महिनाअखेरीला जीप आली. खोलीत सात स्टँडवर सात डोकी उभी होती, पाठीवर केस सोडून. कुठे काळे, कुठे करडे, कुठे दोन्हींची मिसळ. तपासनीस बाई दारातच थांबली. बराच वेळ तिने काही मोजलं नाही.

मग ती एकेक डोकं बघत गेली. केस मुठीत धरून ओढले; स्टँड हलला, केस निघाले नाहीत. भांग पाडून शिवण बघितली. सातव्यापाशी येऊन म्हणाली, "हे धुऊन दाखवा."

सातवं धाकटीचं होतं, आणि ती रस्त्याच्या दारात उभी होती. थोरलीने डोकं बेसिनवर धरलं, नळ सोडला, साबण लावला, खळबळून काढलं. टॉवेलने टिपून स्टँडवर ठेवलं. तपासनीस बाईने कंगवा घातला. वरून सरळ आला. कानामागून सरळ आला. मानेपाशी आला आणि अडकला. तिथे केसांची बोराएवढी गाठ बसली होती.

"इथे उलटे गेलेत," ती म्हणाली.

थोरली काहीतरी बोलणार, तेवढ्यात धाकटी आत आली. "माझं आहे ते," ती म्हणाली. "मी चुकले. यांचं कुणाचंच चुकलेलं नाही."

तिने तपासनीस बाईच्या हातातून कंगवा घेतला, मागितला नाही. मुळाशी केस डाव्या मुठीत घट्ट धरले, म्हणजे शिवणीवर ताण नको. टोकाला सुरुवात केली. बोटभर वर. पुन्हा बोटभर. उलटा केस लागला की तो चिमटीत चोळून वेगळा काढून बाजूला ठेवला. खोलीत कंगव्याचा बारीक आवाज तेवढा होता. पहिल्यांदाच ती या कामाला या खोलीत हात लावत होती, आणि तो हात आखडत नव्हता. गाठ निम्मी झाली, मग वाटाण्याएवढी, मग कंगवा मानेवरून सरळ खाली उतरला.

तपासनीस बाईने कंगवा परत घेऊन स्वतः एकदा फिरवला.

"मुली सहा आहेत," ती म्हणाली. "ही कोण? नियमाप्रमाणे या खोलीत विद्यार्थिनीशिवाय कुणी हत्याराला हात लावायचा नाही."

"सातवी विद्यार्थिनी," थोरली म्हणाली. "अर्जात आहे बघा. मी आधीच लिहिलंय."

धाकटीने जावेकडे पाहिलं. थोरली टॉवेल पिळत होती. जो टॉवेल पिळायची गरज नव्हती, तो.

"कधी?" धाकटीने विचारलं.

"दार बुजवलं त्या दिवशी ठरवलं, सात डोकी सांगितली त्या दिवशी लिहिलं," थोरली म्हणाली. "दुसरी वाट करायला नको होती का?"

तपासनीस बाई खुर्चीत बसली. पेनचं टोपण काढताना म्हणाली, "ही चुकली, कळलं, आणि सोडवलं. डोकं ओरडलं नाही. नियम याच्यासाठीच आहे." आणि तिने सही केली. बाहेर शेडमधून आबांनी मोठ्याने विचारलं, "झालं का? की परत येऊन बसू?"

पुढे पाऊस उशिरा का होईना, आला. दोघे भाऊ कालव्यावरून परतले आणि आपल्याच घरात स्वयंपाकघरातून थेट शाळेत जाता येत नाही याची त्यांना बरेच दिवस सवय झाली नाही. थोरल्याने एकदा अंधारात भिंतीवर कपाळ आपटून घेतलं. सहाही मुली परीक्षेला बसल्या. पाच पास झाल्या, सहावी पुढच्या वर्षी, धाकटीबरोबर; त्यांतल्या दोघींनी भागीत दुकान काढलं ते अजून त्यांच्या मुली चालवतात. तपासनीस बाईची पुढे बदली झाली. जाईल तिथल्या शाळांना ती सुताराचा पत्ता द्यायची, आणि आबा मरेपर्यंत पलंगाचे पाय कमी आणि डोकी जास्त करत राहिले. ती सगळी धाकटीच्या मापाची. "माझी सून बारा गावांत पोचली," असं ते म्हणायचे. ताटात वाकून बघायचं त्यांनी सोडलं नाही.

बाजूला काढलेल्या तांबूस जुडीचा थोरलीने त्याच पावसाळ्यात टोप विणला. लोहारणीने तो घातला, आरशात पाहिलं आणि म्हणाली, "चला, माहेरी गेलेले परत आले." शेवटपर्यंत तिने तो वापरला; हसताना मात्र दोन्ही हातांनी धरायची सवय गेली नाही.

थोरलीचे हात म्हातारपणी कापायला लागले, तेव्हा तिने कात्रीची गुंडाळी धाकटीला दिली. तोवर धाकटी शिकवणारी झाली होती. शाळा नंतर बाजाराजवळच्या मोठ्या जागेत गेली, आणि धाकट्याने ती विटांची भिंत फोडून दार पुन्हा मोकळं केलं. पण पुढच्या खोलीत काही आणायला जायचं झालं तर थोरली ते दार सोडून, घराला वळसा घालून, रस्त्यावरूनच जायची. कुणी हसलं तर म्हणायची, "परवाना आहे माझ्याकडे. नियमाने जाते."

सातवं डोकं शाळेत अजून आहे. नवी मुलगी आली की तिला पहिल्या दिवशी तेच मिळतं. धाकटीने मानेपाशी काही केस मुद्दाम उलटे बांधून ठेवले आहेत. मुलगी ते धुते, कंगवा घालते, अडकते आणि घाबरून वर बघते. धाकटी बाजूला उभी राहून नुसती वाट बघते.